प्रगतीपत्रक पेटीत टाकू नका, वाचा!

महाराष्ट्र दिनी, म्हणजे एक मेला, गावोगावच्या शाळांत झेंडावंदन होते आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी पोरांच्या हाती निकाल पडतो. पोरगं धावत घरी येतं. बाप विचारतो, "पास का रे?" पोरगं म्हणतं, "पास!" झालं. तोंडात साखर पडते आणि प्रगतीपत्रक पत्र्याच्या पेटीत जाते. सोसायटीच्या पावत्या आणि रेशनकार्डाखाली ते जे दबते, ते दाखला काढायच्या दिवशीच वर येते.

शेतकरी बंधूंनो, माती परीक्षणाचा अहवाल हातात आला तर तुम्ही असे करता का? "जमीन पास का नापास" असे तिथे कोणी विचारत नाही. सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, नत्र-स्फुरद-पालाश किती ते पाहता. काय कमी आहे ते कळले की खताची मात्रा ठरते, आणि कोणते पीक त्या रानात साधेल याचाही अंदाज येतो. जमीन वाईट ठरवण्यासाठी तो अहवाल नसतोच, जमिनीला काय हवे ते सांगण्यासाठी असतो. पोराचे प्रगतीपत्रकही तेच काम करते. फरक इतकाच की मातीचा अहवाल आपण कृषी सहायकाकडून समजून घेतो, आणि पोराचा अहवाल मात्र न वाचताच ठेवून देतो.

हा विषय दहावीचा नाही, पाचवी ते आठवीचा आहे, हे आधी ध्यानात घ्या. दहावीचा निकाल लागला की सारा गाव जागा होतो. मग सायन्स की आर्ट्स, आयटीआय की डिप्लोमा, अशी पळापळ सुरू होते. पण तोपर्यंत पीक वाढून गेलेले असते. अपूर्णांक, शेकडेवारी, समीकरणे, इंग्रजीचे वाचन यांची पेरणी सहावी ते आठवीत होते. ती उगवली की नाही हे आठवीत पाहिले तर दुबार पेरणीला अजून दोन वर्षे हातात असतात. दहावीनंतर पाहायचे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला! राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली. हेतू चांगला होता, पण दहावीपर्यंत कित्येक पोरांच्या वाटा आधीच बंद झालेल्या असतात, त्याचे काय?

"पोरगं दरवर्षी पास होतंय की," असे कोणी म्हणेल. इथेच आपली फसगत होते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवायचे नाही असा नियम आला. नापासाचा शिक्का बसला की गरिबाचे पोर शाळा सोडते, म्हणून हा नियम होता. पण आपण "पुढच्या वर्गात गेला" याचा अर्थ "त्याला येते" असा लावून मोकळे झालो. २०१९ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. किमान ३५ टक्के गुण हवेत, कमी पडल्यास पुन्हा एक संधी, आणि तीही हुकली तर पोर त्याच वर्गात राहते. म्हणजे आता सहावी-सातवीत दुर्लक्ष केले तर आठवीत दणका बसणार. तेव्हा गुरुजींच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही.

मग प्रगतीपत्रक वाचायचे कसे? फार शिकलेला माणूस लागत नाही. पाचवीपासूनची सगळी प्रगतीपत्रके जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक विषय आडवा वाचत चला. गणित पाचवीत कुठे होते, सहावीत कुठे, सातवीत कुठे? घसरण कोणत्या वर्षी सुरू झाली ते सापडले की निम्मे काम झाले. त्या वर्षी काय घडले ते आठवा. शाळा बदलली? वर्गाला गुरुजी नव्हते? पोर आजारी होते? की दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेले आणि चार महिने पाटीच दिसली नाही? कारण कळल्याशिवाय उपाय करू नये, हे फवारणी करणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट अक्षरांची. श्रेणी पाहून समाधान मानू नका. २०१० च्या पद्धतीत अ-१ म्हणजे ९१ च्या वर, ब-२ म्हणजे ६१ ते ७० आणि क-२ म्हणजे ४१ ते ५०. पोराने "क-दोन आहे" असे सांगितले की वाटते, बरे आहे. पण त्याचा अर्थ निम्मे अजून यायचेच आहे. हे निम्मे गणितातले असेल तर नववीत ते पोर बाकावर बसून नुसते फळ्याकडे बघत राहील.

तिसरी गोष्ट आकारिक आणि संकलित या दोन रकान्यांची. आकारिक म्हणजे वर्षभर तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय पाहून दिलेले गुण, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पाचवी-सहावीत दोन्हींचा वाटा निम्मानिम्मा आणि सातवी-आठवीत आकारिक ४०, संकलित ६० अशी मांडणी आहे. आकारिक भरपूर आणि संकलित कमी असेल तर दोनपैकी एक समजा. पोराला समजते पण कागदावर उतरवता येत नाही, नाहीतर गुरुजींचा हात जरा सैल सुटलाय. दोन्ही गोष्टी गुरुजींना समोर बसून विचाराव्यात, भांडायला म्हणून नव्हे. २०२३-२४ पासून भाषा, गणित आणि इंग्रजीच्या पायाभूत व संकलित चाचण्याही राज्यभर सुरू झाल्या. त्यांची तपासलेली उत्तरपत्रिका शाळेत बसून पाहा. गुणांपेक्षा चुका जास्त बोलतात. भागाकार चुकला की गणित वाचताच आले नाही, हे उत्तरपत्रिकाच सांगेल.

स्पर्धेच्या परीक्षांचा निकालही असाच वाचायचा. शिष्यवृत्ती परीक्षा आपल्याकडे जुनी. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. म्हणून आपल्या पोराची पाळी कधी, हे शाळेत आधीच विचारून ठेवा. या परीक्षेचे ३०० गुण असतात. प्रथम भाषेला ५०, गणिताला १००, इंग्रजीला ५० आणि बुद्धिमत्ता चाचणीला १००. यादीत नाव आले नाही की आपण म्हणतो, "गेलं वाया." काय वाया गेले? चारही भागांचे गुण वेगळे वेगळे पाहा. बुद्धिमत्तेत ७० आणि गणितात ३० पडले असतील तर पोराचे डोके चालते, गणिताचा सराव कमी पडला, इतके स्वच्छ आणखी कोण सांगणार?

दुसरी परीक्षा आठवीची, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, जिला शाळेत एनएमएमएस म्हणतात. ही जिल्हा परिषदेच्या, शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठीच आहे. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीला त्यात ५ टक्के सवलत आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये थेट खात्यावर येतात. कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम थोडी नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला या शिष्यवृत्तीच्या ११,६८२ जागा आहेत. परीक्षेत बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न असतात. शालेय विषयांत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. सातवीचे प्रगतीपत्रक पाहूनच या परीक्षेची तयारी आखता येते, आणि निम्म्या पालकांचे घोडे इथेच अडते, कारण सातवीचे ते ५५ टक्के आहेत की नाहीत हेच त्यांनी पाहिलेले नसते. आणखी एक. निवड झाल्यावर दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आणि दहावीत ६० टक्के टिकवावे लागतात. आधारवर एक नाव आणि शाळेत दुसरे असेल तर मिळालेली शिष्यवृत्तीही अडकून पडते.

आता पीक निवडण्याचा प्रश्न. आठवीत पोराने अमुकच व्हावे असे ठरवायचे नाही. पण कोणती वाट कशावर उभी आहे, हे बापाला ठाऊक हवे. समजा गणित-विज्ञान बरे आहे आणि पोराचा हात मोटारीत, वायरीत रमतो. त्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे. नियमाने दहावीला किमान ३५ टक्के लागतात, पण चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनात जागा गुणानुक्रमेच मिळते. पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्याला लवकर कमवायचे आहे त्याला आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना दहावी पास लागते. वेल्डर, प्लंबर, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी नापासालाही वाट असते. पण ट्रेड कोणताही घ्या, मोजमाप आणि शेकडेवारी आल्याशिवाय भागत नाही.

शेतीचेच घ्या ना. कृषी पदवी चार वर्षांची, आणि तिला बारावी सायन्स आणि सीईटी लागते. शेतकऱ्याच्या पोराला हे अकरावी आर्ट्सला गेल्यावर कळते, याला काय म्हणावे? दहावीनंतर कृषी पदविकेचीही सोय राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कक्षेत आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि फार्मसीची पदवी या वाटाही बारावी सायन्सवरूनच जातात. म्हणजे आठवीचे विज्ञान कच्चे ठेवायचे आणि पोरीला नर्स करायचे स्वप्न पाहायचे, हे जमायचे नाही.

भाषा आणि समाजशास्त्रात पोर पुढे असेल तर त्याला कमी लेखू नका. आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची जागा, हा समज टाकून द्या. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून पाच वर्षांच्या वकिलीला जाता येते, आणि राज्यसेवेच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणाऱ्या पोरांचेही तेच. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. पोलिस भरतीला बारावी पास लागते, आणि तिच्या लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान असते. हे सारे सातवी-आठवीच्या पुस्तकातलेच आहे. छाती फुगते, उंची बसते आणि पोर अंकगणितात गळते, असे होऊ नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही घरांत पोर कशात पुढे आहे हे न पाहता, शेजारच्याचे गेले म्हणून आपलेही लातूर-नांदेडच्या क्लासला धाडतात. एकर-दीड एकर गहाण पडते, आणि वर्षभराने कळते की पोराला आठवीचे अपूर्णांकच येत नव्हते. क्लासवाल्याचा त्यात दोष काय? जमीन न तपासता महागडे बियाणे टाकले तर उत्पन्न कोठून येणार? इतका पैसा घालण्याआधी चार प्रगतीपत्रके आणि एका गुरुजींचा खरा सल्ला, इतके तरी पाहा. त्याला दमडी लागत नाही.

मात्र गुणांना देवही करू नका. मातीचा नमुना बांधावरून किंवा जनावरे बसतात तिथून घेतला तर अहवाल खोटा येतो, तसेच एका परीक्षेचे आहे. पोर त्या दिवशी तापाने फणफणले असेल. फळा नीट दिसत नसेल, चष्मा लागला असेल. घरात बंजारा, भिली किंवा कोरकू बोलत असतील आणि पेपर पुस्तकी मराठीत असेल. शिवाय चित्र काढणे, चार माणसांत बोलणे, जनावराची पारख, यंत्र उघडून जोडणे या गोष्टी कोणत्याच गुणपत्रकात येत नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांचे निकाल, गुरुजींचे मत आणि पोराची स्वतःची आवड या तिन्हींचा मेळ घाला. आणि पोराला जवळ बसवून विचारा. "तुला काय व्हायचंय" हा प्रश्न मोठा होतो. "तुला कोणता तास आवडतो, कोणत्या तासाला भीती वाटते" असे विचारा, म्हणजे खरे उत्तर येईल. निकाल पाहून झोडपले तर पुढच्या वेळी प्रगतीपत्रक घरीच येणार नाही, हेही लक्षात असू द्या.

मुलींविषयी वेगळे सांगणे भाग आहे. कित्येक गावांत शाळा सातवीपर्यंतच असते. मुलगी वर्गात पहिली, दुसरी येते, आणि पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर म्हणून तिचे शिक्षण थांबते. तिचे प्रगतीपत्रक सर्वांत चांगले आणि निर्णय मात्र ते न पाहताच झालेला! मग सोळाव्या वर्षी स्थळ येते. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ आहे, आणि गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकलेली आहे. पण लग्न रोखण्याआधी शाळा टिकवणे सोपे नाही का? मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे. "पोरीच्या शिक्षणाला पैसा कोठून आणू" हे कारण आता पूर्वीइतके टिकत नाही. पण या सवलतीपर्यंत पोहोचायला तिने आधी आठवी, दहावी, बारावी ओलांडली पाहिजे.

सरपंच मंडळी, भाऊसाहेब, आता थोडे तुमच्याकडे. आपल्याकडे एक मेला ग्रामसभाही असते. रस्ता, गटार, घरकुल यांवर तास तास वाद होतात. त्यात शाळेसाठी अर्धा तास काढा. कोणा पोराचे गुण सभेत वाचून दाखवू नका, ती त्याची अब्रू आहे. पण आकडे मांडा. यंदा गावातून सातवी आणि आठवी किती मुले-मुली झाली, त्यांपैकी पुढच्या वर्गात किती जणांची नावे दाखल झाली, एनएमएमएसला किती बसणार, आणि कोण कोण कुठेच गेले नाही? ही चार उत्तरे एका वहीत दरवर्षी लिहिली गेली तरी गावाचे चित्र समोर येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्या समितीची बैठक सही करून चहा पिण्यापुरती न ठेवता, वर्गाच्या निकालात कोणता विषय मागे आहे एवढे तरी तिथे विचारले जावे.

दाखल्यांचेही तसेच. उत्पन्नाचा अहवाल ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या तलाठ्याकडून, निघतो आणि दाखला तहसीलमधून. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली की बाप मजुरी बुडवून खेटे घालतो. सातवी-आठवीच्या मुलांची यादी शाळेकडून घेऊन उन्हाळ्यातच एक दिवस चावडीवर बसलात तर कित्येक घरांचे खेटे वाचतील. जातीचा दाखला याच वेळी काढून ठेवावा, कारण पुढची जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर त्यावरच उभे राहते. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरला, आधारला आणि बँकेला एकच आहे की नाही हेही आठवीतच तपासा. दहावीचे प्रमाणपत्र छापून आल्यावर ती दुरुस्ती फार जड जाते.

गुरुजी आणि बाईंनाही एक विनंती. तुमच्या मागे सर्वेक्षणे, निवडणुका, ऑनलाइन माहिती यांचा ससेमिरा आहे, हे गाव जाणतो. तरी निकालाच्या दिवशी प्रत्येक पालकाला दोन वाक्ये सांगा. पोराचे काय चांगले आहे, आणि सुट्टीत काय पक्के करून घ्यायचे. "लक्ष द्या" असे मोघम सांगू नका, "सुट्टीत रोज दोन भागाकार आणि एक पान मोठ्याने वाचन" असे सांगा. न शिकलेली आईसुद्धा तेवढे करून घेते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, काम फार मोठे नाही. पेरणीआधी हातात जे पंधरा-वीस दिवस आहेत त्यातली एक संध्याकाळ काढा. प्रगतीपत्रके मांडा, घसरलेला विषय शोधा, गुरुजींना गाठा आणि पोराशी बोला. पाऊस आपल्या हातात नाही, बाजारभाव आपल्या हातात नाही. पोराचे काय कमी आहे हे वेळेवर पाहणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.